विहिरीच्या दगडांची घनता: कोरडं वजन, ओलं वजन

मागच्या नोंदीत घनता, म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, काढताना व्हर्निअरने (बारीक लांबी मोजायच्या साधनाने) मापता येणाऱ्या ठोकळ्यांपर्यंत आलो होतो. आता विहिरीच्या खोदाईतले दगड हाती घेतलेत. आमच्या अंबाजोगाईकडे विहीर तिथे दगडांचा ढीग ठरलेलाच. त्यांना ना सरळ बाजू ना कड, म्हणजे आकारमान पाण्यातूनच काढायचं.

मोजपात्रात पातळी वाचण्यापेक्षा मी काटा वापरतो. पाण्याचं भांडं स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवायचं, आकडा शून्य करायचा, दगड दोऱ्याने टांगून पूर्ण बुडवायचा. तळाला किंवा कडेला तो टेकता कामा नये. पाणी दगडाला जेवढ्या प्लावक बलाने वर रेटतं, तेवढ्याच बलाने दगड पाण्याला खाली रेटतो आणि काटा तेवढंच दाखवतो. एक घन सेंटिमीटर पाणी साधारण एक ग्रॅम भरतं, म्हणून जितके ग्रॅम वाढले तितके घन सेंटिमीटर आकारमान. माझ्या मोठ्या मोजपात्रावर 10 मिलीलीटरच्या रेघा आहेत, काट्याचं लघुतम माप 1 ग्रॅम आहे. फरक उघड आहे.

पहिला दगड काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, घट्ट, फोडला तर आत एक छिद्र नाही. वस्तुमान 412 ग्रॅम, काट्यावर वाढ 142. घनता 2.90 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. वाढीत 1 ग्रॅम इकडेतिकडे धरला तर 2.88 ते 2.92, म्हणून तिसरा दशांश लिहीत नाही. घट्ट बेसाल्टची घनता 2.8 ते 3.0 च्या दरम्यान असते, त्यात हे चपखल बसतं.

खरी गंमत मांजऱ्यात आहे. विहीर खणणारे मुरमाखालच्या या मऊ, छिद्रांच्या थराची वाट बघत असतात. कोरडा दगड 236 ग्रॅम. तो रात्रभर पाण्यात ठेवला, ओल्या फडक्याने वरवर टिपला आणि पुन्हा तोलला: 258. म्हणजे 22 ग्रॅम पाणी आत गेलं. भिजलेलाच टांगून बुडवला तर वाढ 112. आता एकाच दगडाच्या दोन घनता निघतात. छिद्रांसकट 236 भागिले 112, म्हणजे 2.11. पाणी शिरलेली जागा वजा केली तर 236 भागिले 90, म्हणजे 2.62. आणि 22 भागिले 112, म्हणजे दगडाचा जवळजवळ पाचवा हिस्सा पाण्याला मोकळा! बंद छिद्रांत पाणी पोचत नाही, ती यात धरलेली नाहीत. एकाच लाव्हाच्या प्रदेशातले, एकाच ढिगातले दोन दगड, आणि एक पाण्याला दारही उघडत नाही. आमच्याकडे शेजारच्या दोन विहिरींपैकी एक आटते, दुसरी चालते. त्यामागे भेगा असतात, थरांची जाडी असते, पण हा पाचवा हिस्साही असतोच. शाळेतल्या भागाकाराने तो हातात येतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पाण्याबद्दल थोडं. मे महिन्यात टाकीचं पाणी 40 अंशांवर जातं आणि त्याची घनता 0.992 होते. 2.90 चं लगेच 2.88 होतं. म्हणून मी माठातलं पाणी घेतो आणि तापमापी बुडवून अंश लिहून ठेवतो. बोअरच्या क्षारांची काळजी नको: लीटरला 1 ग्रॅम क्षार असले तरी फरक 0.1 टक्क्याच्या आत राहतो.

त्याच ढिगात एक पांढरट स्फटिक मिळाला. तो 0.1 ग्रॅमच्या छोट्या काट्यावर घेतला: 58.3 ग्रॅम, वाढ 21.6, घनता 2.70. स्टिलबाइट हे खनिज 2.2 च्या आसपास, तो लगेच बाद. उरले गारगोटी 2.65 आणि कॅल्साइट 2.71. दगडाला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकारमान जास्त भरतं आणि घनता कमी येते. बुडबुड्यांची चूक असलीच तर खरा आकडा 2.70 च्या वरच जाणार, गारगोटीकडे नाही. चाकूने ओढून पाहिलं, चरा पडला. गारगोटीवर तो पडत नाही. कॅल्साइट.

पुढे मांजऱ्याची पूड करून बाटलीत तोलायची आहे, म्हणजे बंद छिद्रंही मोजली जातील. बिदरकडे कुणी असाल तर जांभ्याचा एखादा तुकडा याच पद्धतीने, कोरडा आणि भिजवून, दोन्ही प्रकारे मोजून आकडे कळवा. पाण्याचं तापमानही लिहा.