आमची वाटचाल: प्रोसेसरची ओळ चौथ्या नंबरवर कशी गेली

२०१७ साली पुण्यात गेमिंग मशीन जोडून द्यायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या कोटेशनच्या कागदावर पहिली ओळ प्रोसेसरची असायची. आता ती चौथी आहे. आधी मॉनिटर, मग कोणते गेम, मग ग्राफिक्स कार्ड आणि त्यानंतर प्रोसेसर. बाकी आमचा धंदा तपकीर गल्लीतल्या चार दुकानांसारखाच. ही ओळ खाली का सरकली, तेवढं सांगण्यासारखं आहे.

त्या वर्षी स्वस्तातला राजा होता इंटेलचा पेंटियम जी४५६०. दोन कोअर (काम करणारे मेंदू), चार थ्रेड (एकावेळी हाताळता येणारी कामं), ३.५ गिगाहर्ट्झ. जोडीला जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड दिलं की कॉलेजच्या पोराचं काम भागायचं. अडचण मदरबोर्डाची, म्हणजे मशीनचे सगळे भाग ज्यावर बसतात त्या बोर्डाची होती. एच११० बोर्ड इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरांसाठी निघालेले, हा प्रोसेसर सातव्या पिढीचा. बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) जुना असला की पंखा फिरतो, दिवा लागतो, डिस्प्ले मात्र येत नाही. मग सहाव्या पिढीचा एक प्रोसेसर बायोस अपडेट करण्यापुरता दुकानात ठेवावा लागला. त्याच ऑक्टोबरात आठवी पिढी आली. सॉकेटचं (प्रोसेसर बसतो त्या जागेचं) नाव तेच, ११५१. पण एच११० वर ती चालत नाही. ‘पुढे आय-फाइव्ह टाकू’ या हिशेबाने बोर्ड घेतलेल्यांना सातव्या पिढीपुढे वाट नव्हती. तेव्हापासून सॉकेटच्या शेजारी चिपसेट (एच११० सारखं बोर्डाच्या मुख्य चिपचं नाव) आणि बायोस व्हर्जन लिहायला लागलो.

२०१८ मध्ये एएमडीचा रायझन ३ २२००जी आला आणि ग्राफिक्स कार्डाशिवाय गेम चालू लागले. यातलं व्हेगा ८ ग्राफिक्स रॅममधूनच मेमरी घेतं, त्यामुळे ८ जीबीची एक काडी लावण्यापेक्षा ४ जीबीच्या दोन लावल्या तर फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. पैसे जवळपास सारखेच. तरी ‘दुसरी काडी नंतर टाकू’ म्हणणारे आजही येतात. कार्ड वेगळं असलं तरी आम्ही दोनच काड्या लावतो, चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करायचं. ते राहिलं तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर पळत बसते आणि बोल प्रोसेसरला लागतो.

२०२०-२१ मध्ये क्रिप्टो नाण्यांच्या खाणकामवाल्यांनी ग्राफिक्स कार्डं उचलली आणि भाव आवाक्याबाहेर गेले. तेव्हा रायझन ५ ५६००जी ने बऱ्याच जणांची वेळ निभावून नेली. कार्डं स्वस्त झाली तेव्हा मात्र त्याची दुसरी बाजू दिसली. ५६००जी मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरची स्वतःची झटपट मेमरी) १६ एमबी, साध्या ५६०० मध्ये ३२. ५६००जी पीसीआयई (प्रोसेसर आणि कार्ड यांच्यामधला रस्ता) ३.० वर थांबतो, ५६०० मध्ये ४.० आहे. रायझन ५ ५५०० हा त्याच जी घराण्यातला, फक्त आतलं ग्राफिक्स बंद केलेला. खोक्यावर तिन्हींच्या नावापुढे ‘सहा कोअर, बारा थ्रेड’ असतं, म्हणून गिऱ्हाईक सगळ्यात स्वस्त तो मागतं. आरएक्स ६५०० एक्सटी सारख्या कार्डाला या रस्त्याच्या चारच लेन असतात. ते ५५०० वर लावलं की येण्याजाण्याचा रस्ता निम्मा होतो, आणि कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळतो. बोर्ड बी४५० असेल तर ५६०० घेऊनही पीसीआयई ३.० च मिळतं. हे कोटेशनवर लिहून देतो, कारण तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत विसरलेलं असतं.

मॉनिटर पहिल्या ओळीत का? ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला साठच चित्रं दाखवणार. त्यावर कथानकवाले जड गेम खेळणाऱ्याला आय३-१२१००एफ पुरतो. चार कोअर, आठ थ्रेड. मागे डिस्कॉर्ड, क्रोम आणि रेकॉर्डिंग उघडं ठेवायची सवय असेल तर मात्र सहा कोअरच घ्या. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळायचं, तेही १४४ हर्ट्झवर, तर गणित उलटं होतं. हे गेम कमी सेटिंगवर कार्डाला फारसं कामच देत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर येतो. तिथे आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० पासून सुरुवात करावी आणि पैसे कार्डातून थोडे काढून इकडे वळवावेत.

जुनं मशीन घेऊन ‘लॅग होतंय, प्रोसेसर बदला’ म्हणून येणाऱ्याचा गेम आम्ही आधी काउंटरवरच चालवतो. आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर लावून फ्रेम (सेकंदाला किती चित्रं येतात ते) बघायच्या, मग रिझोल्युशन १०८० वरून ७२० वर आणायचं. फ्रेम झपकन वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. जागच्या हलल्या नाहीत तर प्रोसेसर किंवा रॅम. फक्त सरासरी बघू नका, खालच्या एक टक्क्याचा, म्हणजे सगळ्यात हळू फ्रेमचा, आकडा बघा. सरासरी नव्वद आणि खालचा आकडा पंचवीस असेल तर हाताला झटकेच जाणवतात. कित्येकदा एवढ्यावर रोग सापडतो: एकच काडी, बंद एक्सएमपी, नाहीतर एचडीएमआयची वायर कार्डाऐवजी बोर्डात खोचलेली.

इंटेलच्या नावापुढच्या ‘एफ’चा अर्थ आत ग्राफिक्स नाही. त्या प्रोसेसरवर बोर्डाच्या पोर्टातून काहीच दिसत नाही. कार्ड वॉरंटीला गेलं तर मशीन तितके दिवस बंद. कॉलेजचं सबमिशन त्याच मशीनवर असेल आणि भावात थोडकाच फरक असेल, तर बिनएफचा १२४०० घ्या असं आम्ही सांगतो.

शंभर रुपयांत चाळीस कार्डाला आणि पंधरा ते अठरा प्रोसेसरला, असा आमचा ठोकताळा. प्रोसेसर पंचवीसच्या वर गेला की एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) नाहीतर बोर्डाला कात्री लागलेली असते. १२४००एफ च्या कागदावर ६५ वॉट असतात, पण टर्बोत (वेग वाढवून चालताना) तो ११७ पर्यंत जाऊ शकतो. एच६१० च्या अगदी स्वस्त बोर्डांवर पॉवरच्या भागाला हीटसिंकही (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) नसतो. एप्रिल-मे मध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, त्यात मशीन टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेलं. मग उन्हाळाभर ‘दुपारी गेम स्लो होतो’ असे फोन.

एएम४ चं, म्हणजे वरच्या रायझन ५६०० सारख्यांच्या सॉकेटचं, मशीन घरी उघडणार असाल तर कूलर सरळ वर ओढू नका. या प्रोसेसरच्या पिना त्याच्या स्वतःच्या पोटाला असतात आणि प्रोसेसर आणि कूलरमधली वाळलेली पेस्ट गोंदासारखी धरते. लीव्हर बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून उपटला जातो, पिना वाकतात. आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या. मशीन बंद करून वायर काढा, स्क्रू आळीपाळीने सैल करा, कूलर डावी-उजवीकडे हळूच पिळा आणि सुटल्यावर उचला. पिना वाकल्याच तर ०.७ च्या लेड पेन्सिलीतली लेड काढायची, रिकामी नळी पिनेवर घालायची आणि केसभर केसभर सरळ करायची. घाई केली की पीन तुटते, आणि तुटलेल्या पिनेला वॉरंटी नाही.

आता प्रश्न एएम४ की एएम५ एवढाच उरतो. एएम५ या नव्या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही आधार देऊ, असं एएमडीने जाहीर केलंय. त्यामुळे हात मोकळा असेल तर रायझन ५ ७५००एफ किंवा ७६०० घेतलेला बरा, पुढे बोर्ड न बदलता प्रोसेसर बदलता येतो. पण त्याला डीडीआर५ रॅम लागते, आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. ज्याच्याकडे डीडीआर४ च्या दोन काड्या आणि एएम४ चा बी४५० बोर्ड आहे, त्याला आम्ही नवीन मशीन विकत नाही. रायझन ५ १६०० काढून ५६०० बसवून देतो. क्रम मात्र पाळायचा: जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट, मग अदलाबदल. काही बोर्डांची बायोस चिप लहान असते, म्हणून नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरांना वगळलेलं असतं. तिथे अपडेटनंतर जुन्यावर डिस्प्ले आलाच नाही तर बोर्ड गेला समजून परत आणू नका, आधी ५६०० बसवून बघा.