माहितीदाता क्रमांक चार

उमेदीची वर्षं फडावर नाचून झाल्यावर मी पीएचडीला प्रवेश घेतला. विषय : लावणीत नाचणारी आणि ढोलकीवाला एकमेकांना इशारा कसा देतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांप्रमाणे किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क, दर सत्राला समितीपुढे अहवाल, हे रेटून नेता येतं. तात्यांच्या मुलाखतीचं तसं झालं नाही.

तात्या नारायणगावचे. गावकारभारी चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरवायला जिथे फडांच्या राहुट्यांवर येतात, तेच हे गाव. माझ्या नाचाला ढोलकी त्यांचीच असायची. तिहाई म्हणजे तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणारा तुकडा. रेकॉर्डर लावून विचारलं, "तिहाई कधी उचलायची, कसं कळतं?" म्हणाले, "कळतं की." झालं! छापील प्रश्नावल्या करणाऱ्यांनी असा माणूस पाहिलेलाच नसतो.

मी रेकॉर्डर चालू ठेवून पायात चाळ बांधले. तात्यांनी कड्या सरकवत शाईची बाजू माझ्या पट्टीला आणली, डावीचा घुमारा ऐकला आणि वाजवायला लागले. मधेच हात थांबला. "आत्ता टाच उचललीस, पण खांदा पडला न्हाई. बाई समेवर यायच्या आधी खांदा सोडती. पायाकडं बघणारा फसतो. चाळ वाजले म्हंजी उशीर झाला." मग पुन्हा तीच ओळ, वेगळी अदा, पुन्हा खांदा. इतकी वर्षं नाचूनही माझ्या खांद्याचं हे मला माहीत नव्हतं. ते फक्त मागे बसणाऱ्याला दिसतं. प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्या दुपारी मिळालं.

संमतिपत्रावर सही करताना त्यांनी विचारलं, "माझं नाव कुठं येणार?" अर्जात होतं, नाव गुप्त, माहितीदाता क्रमांक चार. त्यांनी पेन खाली ठेवलं. "जल्मभर बाईचं नाव पुकारलं, सोंगाड्याचं पुकारलं. आता पुस्तकात तरी माझं लिव."

समितीत यावर वाद झाला. गोपनीयता माहितीदात्याच्या भल्यासाठीच असते, हे मलाही मान्य आहे. पण ज्याला नाव हवंय, त्याचं झाकणं हे भलं कसं? एका सदस्यांनी तर खांद्याच्या विधानाला लिखित संदर्भ मागितला. ज्या कलेकडे कागदवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठ फिरवली, तिच्याकडे कागद मागायचा! मला याचा संताप येतो, आजही.

शेवटी संमतिपत्रात नावाचा पर्याय आला. प्रबंधात तात्यांचं पूर्ण नाव येईल. पण शोधनिबंधाचं काय? लेखकाच्या जागी एकटी मी, आणि जे सांगायचंय ते त्यांनी पाहिलेलं. मी दोन्ही नावं घातली आहेत. मार्गदर्शक बाई म्हणतात, निबंध परत येईल. आला तर पुन्हा दोन्ही नावं घालूनच दुसरीकडे पाठवणार आहे.