ठसे घेतले, पण ताडून कशाशी पाहिले?

२००५ साली इराकमधल्या बैजी शहराजवळ अमेरिकी सैन्याला रस्त्याकडेला पेरलेला, न फुटलेला बॉम्ब सापडला. त्यात एका कॉर्डलेस फोनचा तळाचा भाग होता. तो पुरावा म्हणून अमेरिकेत गेला आणि एफबीआयच्या कोठारात जमा झाला. एप्रिल २००९ मध्ये वाद रमदान अलवान हा इराकी माणूस निर्वासित म्हणून रीतसर अमेरिकेत आला आणि केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनमध्ये राहू लागला. येण्याआधी त्याच्या बोटांचे ठसे घेतले होते, तपासलेही होते. काहीच निघालं नव्हतं. पुढे त्याच्यावर पाळत बसली, एफबीआयने कोठारातले जुने पुरावे उपसले, तेव्हा त्या फोनवर त्याच्याच बोटांचे ठसे मिळाले. मे २०११ मध्ये अटक झाली, जानेवारी २०१३ मध्ये ४० वर्षांची शिक्षा.

‘निर्वासितांची तपासणी कडक करा’ असं म्हणणाऱ्यांनी आणि ‘तपासणी कडकच आहे’ असं सांगणाऱ्यांनीही हे प्रकरण बारकाईने पाहावं. यात तपासणीची एकही पायरी गाळलेली नव्हती. उणीव होती ती दुसऱ्या बाजूला. दहा बोटांचे स्वच्छ ठसे दुसऱ्या दहा बोटांच्या संचाशी ताडणं हे संगणकाचं काम, ते झटपट होतं. वस्तूवर उमटलेला ठसा मात्र अर्धवट, पुसट, एकाच बोटाचा असतो. तो आधी कोणीतरी उचलावा लागतो, त्यातल्या रेषांच्या खुणा तज्ज्ञाने नोंदवाव्या लागतात, मग तो शोधता येईल अशा संग्रहात चढवावा लागतो. युद्धभूमीवरून खोकीच्या खोकी येत असताना हे काम साचतं. २००९ साली तो फोन कोठारात होता, त्यावरचा ठसा संग्रहात नव्हता. छाननी म्हणजे शेवटी जुळवणी. जुळवायला नोंदच नसेल तर यंत्र प्रामाणिकपणे ‘काही आढळलं नाही’ असंच सांगणार, आणि त्या उत्तराचा अर्थ ‘माणूस निर्धोक आहे’ असा होत नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये एफबीआयचे तेव्हाचे संचालक जेम्स कोमी यांनी सीरियन निर्वासितांबद्दल अमेरिकी संसदेच्या समितीसमोर साधारण हीच अडचण मांडली होती.

अमेरिकेची पुनर्वसनाची, म्हणजे निर्वासितांना परदेशातच तपासून मग आणून वसवण्याची, वाट कशी होती ते पाहू. (‘होती’ का, ते पुढे.) माणूस स्वतःहून अमेरिकेला अर्ज करत नाही. तो आधी दुसऱ्या देशात पोचलेला असतो, तिथे बहुधा संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था त्याची नोंद करते आणि थोड्या जणांची शिफारस करते. मग पुनर्वसन केंद्र फाईल उघडतं. दक्षिण आशियासाठी असं केंद्र काठमांडूत होतं. इथे वंशावळ, राहिलेले सगळे पत्ते, शाळा, नोकरी, लष्करी सेवा असं सारं लिहून घेतात. नावं परराष्ट्र खात्याच्या इशारा-यादीतून जातात, गुप्तचर संस्थांकडे जातात. १४ वर्षांवरच्यांचे ठसे तीन संग्रहांत ताडले जातात: एफबीआय, अंतर्गत सुरक्षा खातं आणि संरक्षण खातं. इराकी-अफगाण अर्जदारांसाठी तिसरा संग्रह सर्वांत कामाचा, कारण युद्धभूमीवर घेतलेले ठसे त्यात असतात. अलवान प्रकरणानंतर आधीच आलेल्या हजारो इराकी निर्वासितांच्या नोंदी नव्याने तपासल्या गेल्या. शिवाय आता एकदा तपासून फाईल मिटत नाही. विमानात बसेपर्यंत नव्या माहितीशी नावं पुन्हापुन्हा ताडली जातात.

नावांची जुळवणी ऐकायला सोपी वाटते, पण खरी डोकेदुखी तिथेच आहे. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुतेक लिहीतच नाहीत, त्यामुळे एकाच माणसाचं नाव रोमन लिपीत पाच-सहा प्रकारे उतरतं. कुठे आजोबांचं नाव आडनाव होतं, कुठे टोळीचं. जन्मतारखेचंही तसंच. आपल्याकडे गावाकडच्या एका पिढीचा वाढदिवस शाळेच्या दाखल्यावर १ जून असतो, तसा असंख्य अफगाणांचा कागदोपत्री १ जानेवारी असतो. साधारण नाव आणि १ जानेवारी अशी जोडी यादीत टाकली की ढीगभर माणसं वर येतात. त्यातलं प्रत्येक नाव कोणीतरी हाताने निकालात काढायचं, आणि तोवर फाईल अडून राहते. म्हणून ठशांवर भिस्त. पण वीटभट्टीवर किंवा शेतात राबलेल्या माणसाच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र पुन्हापुन्हा ‘अस्पष्ट’ म्हणतं.

कागदांवर माझा फारसा विश्वास नाही. सीरियात इस्लामिक स्टेटने सरकारी कचेऱ्या ताब्यात घेतल्या तेव्हा कोरे पासपोर्टही त्यांच्या हाती पडले. असा पासपोर्ट छपाईच्या दृष्टीने खराच असतो. खोटा असतो तो त्यात भरलेला मजकूर. अहमद रेसामचं उदाहरण जुनं पण बोलकं आहे. कॅनडात आश्रय नाकारला गेलेल्या या अल्जीरियन माणसाने बाप्तिस्म्याच्या खोट्या दाखल्यावर दुसऱ्या नावाने अस्सल कॅनेडियन पासपोर्ट मिळवला होता. १४ डिसेंबर १९९९ ला तो स्फोटकांची गाडी घेऊन व्हिक्टोरियाहून फेरीने पोर्ट एंजलिसला उतरला. त्याला पकडलं ते कोणत्याही यादीने नव्हे. कुठे चाललात, का चाललात, या साध्या प्रश्नांवर तो गडबडला आणि सीमाशुल्क निरीक्षक डायना डीन यांना शंका आली, म्हणून गाडी उघडली. स्फोटकं स्टेपनीच्या खोबणीत होती.

म्हणूनच निर्वासिताच्या वाटेवरची प्रत्यक्ष मुलाखत मला यंत्राइतकीच मोलाची वाटते. खास प्रशिक्षण घेतलेले अधिकारी परदेशी जाऊन समोरासमोर बसून ती घेतात. चांगला अधिकारी ‘तुम्ही अतिरेकी आहात का’ यावर वेळ घालवत नाही. तो विचारतो: गावातून कोणत्या रस्त्याने निघालात? वाटेत नाकी किती? कोणाची माणसं उभी होती? काय मागितलं? सैन्यात कोणत्या तुकडीत, कमांडर कोण, रजेवर कधी? नवरा-बायकोला वेगळं विचारून उत्तरं ताडतात. फरक पडला म्हणजे खोटंच असं नाही. पळून आलेल्या माणसाला तारखा नीट आठवत नाहीत. उलट सगळ्या कुटुंबाचं उत्तर शब्दाला शब्द सारखं आलं, तर जास्त कान टवकारावेत.

यात दुभाषा सगळ्यात नाजूक कडी. कुर्दीच्या दोन बोली आहेत, सोरानी आणि कुर्मांजी; सोरानी बोलणाऱ्या कुर्दासमोर कुर्मांजीचा दुभाषा बसवला तर अर्धी मुलाखत वाया. आणि ‘पैसे दिले’ की ‘द्यावे लागले’ यावर फाईलचं भवितव्य ठरतं. अमेरिकी कायद्यात दहशतवादी गटाला ‘भौतिक मदत’ करणाऱ्याला प्रवेश नाही, आणि या मदतीची व्याख्या भलतीच रुंद आहे. नाक्यावर बंदुकीच्या धाकाने दिलेली रक्कम, अपहृत मुलासाठी भरलेली खंडणी, लढवय्यांना घातलेलं जेवण, सगळं त्यात बसतं. धाकाखाली केलेल्या मदतीसाठी सूट आहे, फेब्रुवारी २०१४ पासून क्षुल्लक मदतीसाठीही आहे, पण ती आपोआप लागू होत नाही. अधिकाऱ्याने मागून, कारणं लिहून घ्यावी लागते. तोवर केस ‘होल्ड’वर. ज्यांच्या जाचाला कंटाळून माणूस पळाला, त्यांचाच मदतनीस म्हणून तो अडकतो. सुरक्षेला याचा काय फायदा होतो, मला कळलेलं नाही.

आता इतर दारांकडे बघा. ११ सप्टेंबरचे १९ अपहरणकर्ते निर्वासित नव्हते. बहुतेक जण पर्यटक-व्यावसायिक व्हिसावर आले होते. पॅरिसच्या १३ नोव्हेंबर २०१५ च्या हल्ल्यातले, स्टेडियमवरचे दोन हल्लेखोर ग्रीसच्या लेरॉस बेटावर बोटीने उतरले होते, बनावट सीरियन पासपोर्टवर. तिथे त्यांचे ठसेही घेतले होते. ते ठसे हल्ल्यानंतर ओळख पटवायला उपयोगी पडले, आधी त्यांना जुळायला काही नव्हतं. ही आश्रय मागणाऱ्यांची वाट: माणूस आधी आत, तपासणी नंतर. पुनर्वसनात उलट आहे, आणि चर्चेत ही दोन्ही एकाच टोपलीत पडतात. तिसरी वाट काबूलची. २०२१ मध्ये सत्तरएक हजार अफगाणांना घाईने ‘पॅरोल’वर, म्हणजे व्हिसाशिवाय तात्पुरता प्रवेश देऊन, आणलं. अंतर्गत सुरक्षा खात्याच्याच महानिरीक्षकांनी २०२२ मध्ये नोंदवलं की तपासणीसाठी वापरलेली काही माहिती चुकीची, अपुरी किंवा गायब होती. दीड-दोन वर्षांची वाट काही दिवसांत उरकायला गेलं की जे होणार तेच झालं.

त्या दीड-दोन वर्षांतला बराच काळ तपासण्यात जात नाही, मुदती जुळवण्यात जातो. ठशांची तपासणी १५ महिने वैध, वैद्यकीय तपासणी साधारण ६ महिने, क्षयाच्या काही केसमध्ये ३ महिनेच. गुप्तचर मंजुरीची मुदत निराळी. विमानात बसताना कुटुंबातल्या प्रत्येकाची प्रत्येक मुदत एकाच वेळी जिवंत हवी. सहा जणांच्या घरात एकाच्या नावावर शंका आली, ती सुटायला चार महिने गेले, तेवढ्यात बाकी पाच जणांची वैद्यकीय तपासणी बाद. ती पुन्हा करेपर्यंत दुसरं काही बाद. मध्येच मूल जन्मलं तर त्याची नवी नोंद, म्हणजे सगळ्यांची केस थांबली. सगळं जुळलं की हाती एक पिशवी मिळते, निळ्या अक्षरांत आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेचं (आयओएम) नाव असलेली. आतलं पाकीट फोडायचं नाही, सामानात टाकायचं नाही. ते उतरल्यावर विमानतळावरचा अधिकारी उघडतो, ठसे पुन्हा एकदा घेतो.

जानेवारी २०२५ मध्ये हा कार्यक्रम राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने स्थगित झाला. २०२६ च्या आर्थिक वर्षासाठी निर्वासितांची मर्यादा ७,५०० वर आली, जी २०१७ साठी १,१०,००० ठरली होती. थांबवण्याच्या कारणांत सुरक्षेचंही कारण दिलं गेलं. पण रांगेतल्या ज्यांची पूर्ण छाननी झाली होती, तिकिटंही निघाली होती, त्यांच्या वैद्यकीय तपासण्यांच्या मुदती २०२५ मध्येच संपल्या. ठशांच्या मुदतीही त्यामागोमाग संपतात. दार पुन्हा उघडलं तरी या माणसांना ठसे, तपासण्या आणि मंजुऱ्यांची तीच फेरी पुन्हा मारावी लागेल.