दुबईचा फॅमिली व्हिसा: माझा अनुभव

अल कुसैसमधल्या एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो. बेडस्पेस म्हणजे एक कॉट आणि तिच्याखाली मावेल तेवढं सामान. अशी साडेतीन वर्षं काढली. मग एमईपी, म्हणजे इमारतीतली एसी, वीज आणि प्लंबिंगची कामं, त्यांचा सुपरवायझर झालो, पगार वाढला आणि बायकोला इकडे आणायचं ठरवलं. अट महिना 4000 दिरहम पगाराची आहे, किंवा 3000 आणि राहायला जागा. पगार बसला म्हणजे व्हिसा झाला, असं मी धरून चाललो होतो. पण सगळं अडलं ते चिपळूण तालुक्यातल्या आमच्या गावच्या विवाह नोंदणीच्या दाखल्यापाशी.

2019 मध्ये लग्न झालं तेव्हाच ग्रामसेवकांकडे नोंदणी केली होती. आईने दाखला खराब होऊ नये म्हणून लॅमिनेशन करून कपाटात जपून ठेवला. त्याच जपण्याने घोळ झाला. इथे चालण्यासाठी या कागदावर एकामागून एक सरकारी शिक्के बसतात आणि लॅमिनेट केलेल्या कागदावर ते उमटत नाहीत. शिवाय दाखल्यावर बायकोच्या नावात एक अक्षर जास्त होतं, पासपोर्टवर ते नव्हतं. बाबा पासपोर्टची झेरॉक्स घेऊन ग्रामपंचायतीत गेले. एकदा नव्हे, चार वेळा. गुडघे दुखतात त्यांचे, तरी फोनवर एवढंच म्हणायचे, "होईल रे, तू तुझं काम बघ." नवा दाखला हातात पडायला महिना गेला.

त्यानंतरची चूक मात्र मनाला फार लागली. मुंबईतल्या एका एजंटने दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे करारातले देश थेट मान्य करतात तो शिक्का, करून पाठवलं. ओमान, बहरीनला ते चालतं, कारण ते देश अपोस्टिलच्या करारात आहेत. यूएई त्यात नाही. इथे क्रमच वेगळा: आधी मंत्रालयातून राज्य सरकारचा शिक्का, मग भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचं साधं अटेस्टेशन, मग यूएईच्या वकिलातीचा शिक्का आणि शेवटी इथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा. पैसे गेले आणि बायकोने काढलेलं तिकीटही रद्द करावं लागलं. त्या रात्री ती फोनवर काहीच बोलली नाही. तुम्ही कोणाला काम देत असाल तर "यूएईसाठी, अपोस्टिल नको" असं लेखी कळवा.

शिक्के मुंबई-दिल्लीकडे होत होते तोवर मी इकडे घर बघितलं. शेअरिंगच्या खोलीवर फॅमिली व्हिसा होत नाही, भाडेकरार स्वतःच्या नावावर आणि इजारीत, म्हणजे दुबईच्या सरकारी भाडेनोंदणीत, नोंदवलेला लागतो. एक स्टुडिओ मिळाला, भाडं चार चेकने. चेकवर सही करताना हात थरथरत होता, कारण पुढच्या तारखेचा चेक खात्यात पैसे नसताना वटवायला गेला तर इथे फार महागात पडतं.

15 जून ते 15 सप्टेंबर उघड्यावरच्या कामाला दुपारी साडेबारा ते तीन बंदी असते. टायपिंग सेंटर म्हणजे सरकारी अर्ज भरून देणारं दुकान. माझे तिथले सगळे हेलपाटे त्याच अडीच तासांत झाले. साइटवरचा घामाने भिजलेला शर्ट बदलायचा, फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालायची आणि टॅक्सी पकडायची. काउंटरवरची मलयाळी ताई कागद तपासायची, "भैया, ये एक और चाहिए" म्हणायची, पण काय चाहिए ते नीट लिहूनही द्यायची. तिचे उपकार मी विसरणार नाही.

ऑगस्टअखेर एन्ट्री परमिट आलं, सप्टेंबरात बायको. मग मेडिकल, म्हणजे रक्त आणि छातीचा एक्स-रे, विमा, बोटांचे ठसे. 2022 पासून पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर चिकटवत नाहीत, एमिरेट्स आयडीचं कार्ड, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र, हाच राहण्याचा पुरावा.

कार्ड कुरिअरने आलं तेव्हा मी साइटवर होतो. घरी आलो तर ती दारातच उभी. नावाच्या प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून तिने मला स्पेलिंग वाचून दाखवलं. मग आम्ही बाबांना फोन लावला.