नाक मोकळं करणारी गोळी काउंटरच्या मागे असते : माझा अनुभव

न्यू जर्सीत ऑगस्टच्या मध्यापासून रॅगवीड नावाच्या तणाचे पराग हवेत यायला लागतात आणि बहुतेक वर्षी त्यातच गणपती येतात, त्यामुळे आमच्या मंडळात आरतीला अर्धी मंडळी नाक पुसत उभी असतात. मला शिंका कमी येतात पण नाक दोन्ही बाजूंनी ठार बंद, रात्रभर तोंडाने श्वास, सकाळी घसा कोरडा आणि कपाळ जड. गेल्या वर्षी तर उकडीच्या मोदकांचा वाससुद्धा येईना, इतकं झालं होतं.

घरात 'कोल्ड अँड सायनस' लिहिलेली एक डबी होती, दुकानाच्या शेल्फवरून उचलून आणलेली, ती मी डबीवर लिहिल्याप्रमाणे घेत होते आणि ढिम्म फरक नव्हता. माझी एक मैत्रीण पुण्यात बी.फार्म झालीये, तिला फोन केला तर ती म्हणाली, "अगं डबी उलटी कर आणि मागे औषधाचं नाव काय आहे ते वाच." मागे होतं फिनाइलेफ्रिन, १० मिलिग्रॅम. ती म्हणाली, ते पोटातून घेतलं की आतडं आणि लिव्हर मिळून बहुतेक सगळं मोडून टाकतात, नाकापर्यंत पोचायला फारसं काही उरतच नाही. नाकात मारायच्या स्प्रेमधलं फिनाइलेफ्रिन वेगळं, ते जागेवरच काम करतं, भानगड फक्त गोळी आणि सिरपची आहे.

मग मी बसून वाचलं आणि खरंच चीड आली. फ्लोरिडा युनिव्हर्सिटीतले दोन फार्मसीचे प्रोफेसर, लेस्ली हेंडेलिस आणि रँडी हॅटन, २००७ पासून एफडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याच्या, मागे लागले होते की हे औषध पुन्हा तपासा. नंतर परागाच्या ॲलर्जीच्या पेशंटना १० पासून ४० मिलिग्रॅमपर्यंत डोस देऊन बघितले, तरी प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा) काही जास्त फरक पडला नाही. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीने १६ विरुद्ध ० मतांनी सांगितलं की या डोसमध्ये ही गोळी बंद नाकावर काम करत नाही आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये एफडीएने ती बिनप्रिस्क्रिप्शन विकायच्या औषधांच्या यादीतून काढायचा प्रस्ताव मांडला. औषध धोकादायक आहे असं कुणी म्हणत नाहीये, ते उपयोगाचं नाही एवढंच म्हणणं आहे. पण तापाने आणि सर्दीने बेजार झालेला माणूस दुकानात जाऊन पैसे देतो तो उपयोगासाठीच ना?

जी गोळी काम करते तिचं नाव स्युडोएफेड्रिन. ती पूर्वी शेल्फवरच मिळायची, पण तिच्यापासून मेथ हा नशेचा पदार्थ बनवता येतो आणि लोक खोक्यानं विकत घेऊन घरात तो बनवायला लागले, म्हणून २००६ मध्ये कायदा लागू झाला आणि ती काउंटरच्या मागे गेली. कंपन्यांनी मग शेल्फवरची जागा भरायला फिनाइलेफ्रिन आणलं. स्युडोएफेड्रिनच्या गोळीला प्रिस्क्रिप्शन लागत नाही, फक्त ती मागावी लागते, आणि हेच खूप जणांना माहीत नसतं. ओरेगन आणि मिसिसिपीमध्ये तर बरीच वर्षं प्रिस्क्रिप्शनसुद्धा लागायचं, ते २०२२ पासून गेलं.

तर मी गेले. शेल्फवर गोळ्यांच्या जागी नुसती कार्डं लटकवलेली होती, त्यातलं ॲलर्जीची गोळी अधिक स्युडोएफेड्रिन असलेल्या औषधाचं कार्ड घेऊन फार्मसीच्या खिडकीपाशी उभी राहिले. खिडकीत एक गुजराती बेन होत्या, त्यांनी आधी विचारलं बीपी आहे का, हार्टचं काही, थायरॉइड, काचबिंदू, डिप्रेशनची कुठली गोळी चालू आहे का. मग माझं लायसन्स घेतलं, मागचा बारकोड स्कॅन केला, नाव-पत्ता स्क्रीनवर आला. मग छोट्या पॅडवर बारीक अक्षरात इशारा, की खोटी माहिती दिली तर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्याच्या खाली सही करा.

ते वाचून माझा हात थांबला. आम्ही एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डची फाइल कधीची अडकलेली, त्यात आपलं नाव, पत्ता, तारीख, वेळ, किती गोळ्या घेतल्या हे सगळं कुठेतरी नोंदलं जाणार. बेनना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "बेटा, लिमिटच्या आत घेतलं तर हे कायदेशीर औषध आहे, रोज किती लोक घेतात, तू सर्दीचं औषध घेतेयस." कायद्याने ही नोंद निदान २ वर्षं ठेवावी लागते आणि बरीच दुकानं एका कॉम्प्युटर सिस्टिमने जोडलेली असतात. हे समजून घेऊन सही केली की मन शांत राहतं, म्हणून मुद्दाम लिहितेय, कारण आपल्यातले बरेच जण या एका भीतीने खिडकीकडे जातच नाहीत.

नवऱ्यालाही तोच त्रास, म्हणून मी दुसरा डबा मागितला, तर सिस्टिमने नाही म्हटलं. एका माणसाला एका दिवसात ३.६ ग्रॅम आणि ३० दिवसांत ९ ग्रॅम एवढीच मर्यादा आहे. एका डब्यात २४० मिलिग्रॅमच्या १५ गोळ्या, म्हणजे दोन डबे एका दिवसात बसतच नाहीत, आणि खरेदी नवऱ्यासाठी असली तरी माझ्या नावावर चढते. तो संध्याकाळी स्वतःचं लायसन्स घेऊन गेला, त्याला लगेच मिळालं. घरात दोघं-तिघं ॲलर्जीवाले असतील तर प्रत्येकाने आपापलं घ्यायचं, हेच सोपं.

गोळीने नाक खरंच मोकळं झालं, पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत. मात्र छातीत थोडी धडधड जाणवली आणि रात्री झोप लागेना, २४ तासवाली असल्यामुळे. नंतर मी १२ तासवाली घ्यायला लागले, फक्त सकाळी, आणि फक्त जास्त त्रास असेल त्या दिवशी.

बाबा तेव्हा पुण्याहून आले होते, त्यांना सर्दी झाली, पण त्यांची बीपीची गोळी चालू. ही गोळी रक्तदाब वाढवू शकते म्हणून त्यांना नाहीच दिली. त्यांनी येताना आणलेली सर्दीची स्ट्रिप बघितली तर तिच्यातही तेच १० मिलिग्रॅम फिनाइलेफ्रिन. त्यातलं पॅरासिटामॉल डोकेदुखीवर आणि क्लोरफेनिरामिन शिंकांवर काम करत असेल, पण बंद नाकासाठी त्या स्ट्रिपवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. भारतात डिसेंबर २०२३ मध्ये ४ वर्षांखालच्या मुलांना क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिनचं मिश्रण देऊ नका असा आदेशही निघालाय, घरी नातवंडं असतील तर लक्षात असू द्या.

बाबांच्या बॅगेत नाकात घालायचं ऑट्रिव्हिनपण होतं. तेही मी डॉक्टरांना विचारूनच वापरू दिलं, कारण त्या थेंबांनासुद्धा बीपीवाल्यांनी जपूनच हात लावावा. त्याने नाक दोन मिनिटांत सुटतं आणि म्हणूनच माणूस ते सोडत नाही, पण तीन दिवसांच्या वर मारत राहिलं की औषध उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं आणि मग बाटलीशिवाय झोपच येत नाही. आमच्या ओळखीत एक काका वर्षानुवर्षं उशीशी बाटली ठेवून झोपायचे. बाबांना डॉक्टरांनी दोनच रात्री मारायला सांगितलं, बाकी वाफ आणि जलनेती. नेतीला नळाचं पाणी तसंच वापरू नका, उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड घ्या, कारण क्वचित का होईना पण नळाच्या पाण्यातला अमिबा नाकातून थेट मेंदूत जाऊ शकतो.

यंदा डॉक्टरांच्या सांगण्यावरून फ्लुटिकासोनचा स्टेरॉइड स्प्रे ऑगस्टच्या सुरुवातीलाच चालू करणार आहे, तो बिनप्रिस्क्रिप्शनचा शेल्फवरच मिळतो पण पूर्ण असर यायला दिवस लागतात. आणि गोळीचा एक डबा गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी आणून ठेवणार, कारण आमच्याकडे दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं असलं तरी फार्मसीची खिडकी शनिवार-रविवारी लवकर बंद होते, आणि फार्मसिस्ट नसेल तर तिथलं कॅश काउंटरवरचं कुणी ती गोळी देत नाही.