काळी सेडान, नोंद सहावी: डाग गेले, डाग आले

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की पुढच्या रविवारी गाडीच्या रंगावर सिरॅमिक कोटिंग (रंग जपणारा कडक पारदर्शक थर) मारून मोकळा होतो. तो रविवार येऊन गेला, त्याच्या पुढचाही गेला. कोटिंगची बाटली अजून कपाटात सीलबंद आहे आणि मी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन गाडीपाशी उकिडवा बसलेला माणूस म्हणून गल्लीत ओळखला जातोय.

दसऱ्याच्या हळदीचा स्वस्तिक, डांबराचे ठिपके आणि क्ले (पत्र्यावर चिकटलेली घाण ओढून काढणारी माती) ही प्रकरणं संपली आहेत, ती परत उगाळत नाही. उरलं होतं ते बॉनेटच्या डाव्या अर्ध्या भागावरचं चुन्याचं नक्षीकाम. चवलीएवढी वर्तुळं, कडेला पांढरी आणि मधे स्वच्छ. लातूरचं बोअरचं पाणी काय चीज आहे हे इथल्या गीझरला विचारा.

व्हिनेगर अर्धं आणि पाणी अर्धं, दोनदा केलं. वरची पांढरी भुकटी गेली, वर्तुळं जागच्या जागी. तेव्हाच ओळखायला हवं होतं. चुना आम्लात विरघळतो, पण आपल्या काळ्या दगडातून येणाऱ्या पाण्यात सिलिकाही असतो आणि त्याला व्हिनेगर कितीही पाजा, तो ढिम्म. शिवाय मे महिन्यात तापलेल्या काळ्या पत्र्यावर थेंब सुकला की त्याची कड क्लिअर कोटमध्ये (रंगावरच्या पारदर्शक थरात) खड्डा पाडून बसते. म्हणजे तो डाग राहतच नाही, खळगा होतो. खळगा पुसून जात नाही, त्याच्या आजूबाजूची पातळी खाली आणावी लागते.

मग पॉलिशचं मशीन काढलं. पहाटे पाच ते आठ एवढाच वेळ, कारण नऊनंतर पत्र्याला हात लावला तर चटका बसतो आणि पॉलिश पॅडवरच वाळून खडू होतं. सुरुवात मऊ पॅड आणि मेग्वायर्स २०५ या बारीक पॉलिशनं. फिनिशिंगसाठी माझं आवडतं, पण हे काम त्याचं नव्हतं, दोष माझा. दुसऱ्या दिवशी बाजारातून आणलेलं एक 'ऑल इन वन' पॉलिश लावून पाहिलं. दोन पासमध्ये (मशीनच्या दोन फेऱ्यांत) वर्तुळं गायब! ट्यूबलाइटखाली बॉनेट आरशासारखं. मी फोटो काढले, घरात सगळ्यांना बाहेर बोलावलं. आई म्हणाली, "दोन घंटे झाले, काय घासायलास रे? गाडी हाय का घागर?" पण बघून गेली.

मग आयपीएनं, म्हणजे तेलकट थर काढणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं. वर्तुळं परत हजर, एकूण एक. त्या डब्यातल्या तेलानं आणि फिलरनं खळगे नुसते बुजवले होते. घरातल्यांना मी पुन्हा बोलावलं नाही.

ज्यांनी नुकतंच हे खूळ सुरू केलंय त्यांनी एवढं ऐका: आयपीए मारल्याशिवाय फोटो काढू नका. आणि गॅरेजमध्ये लोकरीचा पॅड लावून हजार रुपयांत 'बफिंग' करून देतात, त्यातली निम्मी चमक असलीच असते. उरलेली निम्मी होलोग्राम, म्हणजे बारीक ओरखड्यांच्या लहरी, होऊन पहिल्याच उन्हात दिसते.

तिसऱ्या पहाटे सरळ कंपाउंड (पॉलिशपेक्षा जास्त कापणारी पेस्ट) आणि मायक्रोफायबर कटिंग पॅड. हातभर लांब-रुंद चौकोन, वेग चारवर, हात अगदी बैलगाडीच्या चालीनं, सहा पास. चौथ्या पासला लाईट गेली. कंपाउंड वाळून बसलं, ते ओल्या फडक्यानं काढून परत पहिल्यापासून. मित्राकडून आणलेल्या, रंगाची जाडी मोजणाऱ्या गेजवर आधी सरासरी ११२ मायक्रॉन होते, नंतर १०९. एवढ्या फरकावर फार भरवसा ठेवू नका, गेजचाच दोन-तीन मायक्रॉनचा घोळ असतो. म्हणून एकाच ठिकाणचे दहा-दहा आकडे घेतले.

वर्तुळं जवळजवळ गेली. दोन खोल होती, ती सोडली. क्लिअर कोट म्हणजे काही विहीर नव्हे की उपसत बसावं. पण बाकीचं बॉनेट! समोरच्या कडुलिंबाची पानं त्यात करवतीच्या दात्यांसकट दिसत होती. चहा बॉनेटकडे बघतच प्यालो. नंतर २०५ चा हलका हात फिरवला आणि बुधवारी रात्री धुऊन ठेवली. गुरुवारी पहाटे कोटिंग, असं ठरलं.

धुणं म्हणजे अर्थात एक बादली. प्रेशर वॉशर घे म्हणून मागं दोघांनी सांगितलं होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे हे. गल्लीत पाइप सोडून गाडी धुवायची माझी छाती होत नाही. दहा लिटर पाण्यात ४० मिली नो रिन्स (नंतर पाणी न मारता पुसायचा शाम्पू), सहा टॉवेल, विषय संपला. तेही पाणी आता बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वापरतो, निदान शेवटच्या पुसणीला.

गुरुवारी पहाटे पाहतो तर डाव्या बाजूला बारीक पांढरे ठिपके. ताजे. पाऊस नाही, कोणी धुतली नाही, मी तर झोपेत. डोकं सणकलं. आधी शेजारच्या टाकीवर संशय, ओव्हरफ्लोचे तुषार असतील म्हणून. शेजारी काका शांतपणे म्हणाले, "आमची टाकी भरंल एवढं पाणीच कुठं येतंय?" मग चिमण्या, मग पोरं. शेवटी रात्री पहारा.

दोनच्या सुमाराला वाकून फेंडरवर बॅटरी मारत होतो आणि मानेवर टप्पकन गार थेंब पडला. वर पाहिलं. आमच्याच खिडकीतला कूलर.

बाहेरच्या जाळीतलं गवत एका कोपऱ्यात बसलंय, तिथून पाणी बाहेरच्या अंगाला गळतं आणि वारा सुटला की बरोब्बर बॉनेटच्या डाव्या भागावर उडतं. म्हणूनच उजवी बाजू पहिल्यापासून स्वच्छ होती! पाच नोंदी लिहिल्या, ही गोष्ट एकदाही डोक्यात आली नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला. बोअर ९४०, कूलरची टाकी २८१०. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. आपण वरून बोअरचंच ओततो, टाकी कधी रिकामी करत नाही. मी गाडीवर अख्खा उन्हाळा घट्ट केलेला चुना शिंपडत होतो.

नवे ठिपके मात्र सोपे निघाले. लिंबूसत्व, लिटरभर पाण्यात दोन चमचे, गार पत्र्यावर ओल्या फडक्यानं मिनिटभर, मग डिस्टिल्डनं पुसलं. एकही खूण नाही. ताजा डाग आणि महिन्याचा डाग यांत हाच फरक आहे.

कोटिंग आता थांबवलंय. लावल्यावर निदान पहिला दिवस पाण्याचा थेंब नको, आणि इथं वरून अभिषेक चालू. शिवाय कोटिंगवर पाण्याचे डाग पडत नाहीत ही समजूत सोडा. थेंब गोल उभा राहतो आणि उभ्या-उभ्या सुकतो, डाग उलट रेखीव पडतो. तोवर साधा स्प्रे सीलंट (फवारून पुसायचा तात्पुरता थर). मशीनवर पॅड चिकटवायची बॅकिंग प्लेटही यायचीय अजून. पाच इंची मागवली तर ऑनलाइनवाल्यानं दोनदा सहा इंची पाठवली. माझं १५ एमएमच्या फेकीचं, म्हणजे पॅड मोठ्या घेरात हलवणारं मशीन फेंडरच्या वळणावर उड्या मारतं, तिथं ८ एमएमचंच हवं, हेही आता कळलंय.

एसीच्या नळीखाली बादली ठेवायचीही कल्पना होती. भावाच्या दुकानात ठेवून पाहिली, मीटरवर १८, सोन्यासारखं पाणी. पण आपल्या कोरड्या हवेत दिवसभरात बाटलीभर. जून-जुलैत हवा दमट झाली की परत ठेवीन.

कूलर हलवायचा प्रस्ताव आईनं फेटाळला. गाडी हलवायला गल्लीत जागा नाही. म्हणून पत्र्यावाल्याकडून खिडकीखाली पन्हळ करून घ्यायचं ठरवलं होतं, पाणी तुळशीला सोडायचं. "ते खारट पाणी माझ्या तुळशीला नको," असा निकाल आलाय. आता हे लिहिता लिहिताच सुचतंय की टाकी दर तिसऱ्या दिवशी पूर्ण रिकामी केली तर आकडा एवढा चढणार नाही, आणि ते पाणी फरशी पुसायला जाईल. पन्हळ तरीही करतोच. माप घेतलंय, साडेतीन फूट. उद्या पहाटे बॉनेटच्या डाव्या निम्म्यावर सीलंट, उजवा निम्मा तसाच उघडा, आणि आठवडाभर मीटर टाकीत.