मास्तरांची वही आणि काटक मासे

मास्तर माझ्या गोव्यातल्या डिचोलीच्या शोभेच्या माशांच्या दुकानात आले तेव्हा एका हातात छत्री होती आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जाड वही. श्रावणातला रविवार होता. पाऊस सकाळपासून धरून बसला होता, त्यामुळे दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

"मला काटक गोल्डफिश दे," ते म्हणाले. "मरणार नाहीत असे. पैशांचं बोलू नकोस. चवथीला पोरं पुण्याहून यायची आहेत."

मरणार नाही असा मासा कोणी मागितला की आधी कोणीतरी मेलेलं असतं, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं आहे. मी स्टूल पुढे केलं आणि विचारलं, "किती गेले?"

"अडतीस," मास्तर म्हणाले आणि वही उघडली.

निवृत्त शिक्षकाची वही होती ती. तारीख, वेळ, पाऊस, मेलेल्या माशांची संख्या, सगळं रेघा मारून लिहिलेलं. मये गावात घराच्या मागीलदारी त्यांनी मे महिन्यात तळं बांधून घेतलं होतं. चिऱ्यांचं बांधकाम, आतून सिमेंटचा गिलावा, १० फूट लांब, ६ फूट रुंद, अडीच फूट पाणी. म्हणजे सुमारे ४२०० लिटर. जूनमध्ये विहिरीच्या पाण्याने ते भरलं आणि ८ मासे सोडले, ओरांडा आणि ब्लॅक मूर, म्हणजे गोल्डफिशच्याच शोभिवंत जाती. दोन दिवसांत आठही गेले. विकणाऱ्याने सांगितलं की मासे नाजूक होते, साधे न्या. म्हणून जुलैत ३० साधे मासे एकदम आणले. ते कुठल्या दुकानातले, हे मी विचारलं नाही. चौथ्या दिवसाची नोंद मला अजून शब्दशः आठवते: 'पहाटे ५.३०. अकरा मासे तोंड वर काढून. कल्ले जोरात. पंखांवर लाल शिरा.' खाली पुन्हा रेघ. सातव्या दिवशी सगळे संपले होते.

आणि प्रत्येक वेळी दोन-चार मासे मेले की मास्तर पंप लावून तळ्याचं सगळं पाणी उपसत आणि विहिरीचं ताजं पाणी भरत. जीव वाचावा म्हणून केलेलं ते काम. वाचताना माझ्या पोटात कालवलं.

"मास्तर, आज मी तुम्हाला मासे देणार नाही," मी म्हटलं. "आधी पाणी दाखवा."

त्यांना ते आवडलं नाही. एवढ्या पावसातून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवणं मलाही बरं वाटत नव्हतं. पण टाक्यांमधले मासे माझ्या ओळखीचे होते आणि ते तळं माझ्या ओळखीचं नव्हतं. शटर अर्धं ओढलं, चाचण्यांची पेटी डिकीत टाकली आणि त्यांच्या स्कूटरमागून निघालो.

तळं देखणं होतं. एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला विहीर, ओव्हरफ्लोचा पाइप सरळ कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या पाटात सोडलेला. पाणी इतकं नितळ की तळाचा गिलावा दिसावा. मास्तरांच्या पत्नी, काकींनी तांब्याभर पाणी विहिरीतून काढून दिलं, तांब्याभर मी तळ्यातून घेतलं. दोन काचनळ्यांत पाच-पाच मिलिलिटर पाणी, दोन्हींत चाचणीच्या द्रवाचे तेवढेच थेंब. विहिरीचं पाणी पिवळं झालं. तळ्याचं पाणी गर्द निळं.

"एकाच विहिरीचं पाणी ना दोन्ही?" काकींनी विचारलं.

एकाच विहिरीचं. पीएच म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं पाणी आंबट. विहिरीचा ६ च्या आसपास होता. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी बहुधा असंच असतं, मऊ, म्हणजे क्षार कमी, आणि किंचित आंबट. तळ्याच्या पाण्याला वरच्या पट्टीची दुसरी चाचणी लावली, तर पीएच ९. शेवाळाने पीएच चढला म्हणावं तर शेवाळ नव्हतं, आणि आठवडाभर ऊनही नव्हतं. मी पाण्याच्या रेषेवर गिलाव्याला नख लावलं. नखाखाली पांढरी पूड आली.

नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो. मऊ पाण्याला तो थोपवायची ताकद नसते, म्हणून थोड्या चुन्यानेही पीएच झरझर चढतो. आणि तिथेच ३० माशांचा घात झाला होता. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. तो पाण्यात दोन रूपांत असतो, एक बरंचसं निरुपद्रवी आणि दुसरं विषारी. पीएच ७ असताना विषारी भाग शेकडा एकाहूनही कमी असतो. पीएच ९ ला तोच भाग एकूण अमोनियाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त होतो. अमोनिया पचवणारे जिवाणू नव्या तळ्यात नसतात, त्यांची वसाहत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यात भर म्हणजे पाण्याची अदलाबदल. पीएचचा एक आकडा म्हणजे दसपट फरक. ९ वरून ६ वर म्हणजे हजारपट, तोही तासा-दोन तासांत. हे सगळं सोसेल इतका काटक मासा माझ्याकडे काय, कोणाकडेच नाही.

मी हे सांगत असताना मास्तर लिहून घेत होते. मध्येच त्यांचं पेन थांबलं.

"म्हणजे मासे नाजूक नव्हते."

"नाही. निदान ते तीस तरी नव्हते."

ते बराच वेळ तळ्याकडे बघत उभे राहिले. मग वही मिटून म्हणाले, "सांग, काय करू?"

उपाय जुनाच आहे, टाकी बांधणारे सगळे जाणतात. काठावरच्या केळींपैकी घड उतरवलेल्या दोन केळींचे खुंट तोडून, फोडी करून तळ्यात टाकायचे, पाणी भरायचं, सहाव्या दिवशी उपसून, भिंती ब्रशने घासून पुन्हा भरायचं. असं चार वेळा. सहा दिवसच का, तर डासाच्या अळीचा डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात आणि पावसाळ्यात मासे नसलेलं तळं म्हणजे शेजाऱ्यांना ताप. दुसरं काम गाळणीचं. निळ्या ड्रमात स्पंज, विटांचे तुकडे आणि जाळीच्या पिशवीत खाण्यातल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या. शिंपल्यांचा ढीग माडाच्या बुंध्याशी पडलेलाच होता.

मास्तरांनी मला तिथे बरोबर पकडलं. "शिंपल्या भाजूनच आपल्याकडे चुना करायचे. चुन्याने मासे मेले म्हणतोस आणि परत चुनाच घालायला सांगतोस?"

प्रश्न शंभर नंबरी होता. भाजलेला चुना आणि सिमेंटचा चुना तीव्र, तो पाण्याला ओढून वर नेतो. न भाजलेली शिंपली पाणी आंबट झालं तरच विरघळते, तीही हळूहळू, आणि पीएच ८ च्या आसपास आला की जवळजवळ थांबते. गाळणीतले जिवाणू काम करताना पाणी आणखी आंबट करत जातात. जांभ्यातल्या मऊ पाण्यात वर्षभराने पीएच कोसळतो आणि चांगले वाढलेले मासे एका रात्रीत जातात, ते यामुळेच. शिंपली तेवढा तोल धरून ठेवते.

चवथीला तळ्यात मासे नव्हते. मास्तरांनी नातवंडांना काचनळ्यांतले रंग दाखवले, असं नंतर काकींकडून कळलं. शेवटचं पाणी भरल्यावर मी माझ्या जुन्या टाकीतला एक वापरातला स्पंज त्यांच्या ड्रमात घातला आणि रोज चिमूटभर खाद्य टाकायला सांगितलं, मासे नसताना. जिवाणूंनाही खायला लागतं. त्यांच्या वहीत अमोनियाचा आकडा चढला, मग उतरला. जिवाणू अमोनियाचं जे नायट्राइट करतात ते चढलं, तेही उतरलं. पीएच ७.४ वर स्थिरावला.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दोघं मासे घ्यायला आली. मास्तर पुन्हा ओरांडाच्या टाकीपुढे थबकले. डोक्यावरचा तो टोप, दुहेरी शेपटी, मोहात पाडणारंच रूप. पण आखूड शरीरात आतडी आणि पोहण्याची पिशवी दाबली गेलेली असते, दुहेरी शेपटीने वेग येत नाही. घरातल्या टाकीत कोणी प्रेमाने सांभाळला तर ठीक. उघड्या तळ्यात वर ढोकरी आणि खंड्या, पावसात पाटातून येणारी दिवड. तिथे लांबट अंगाचा, एकेरी शेपटीचाच मासा हवा. साधा गोल्डफिश, कॉमेट, किंवा चट्ट्यापट्ट्यांचा शुबुनकिन. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी ज्या कार्पपासून हा मासा घडवला, त्याच्या ठेवणीच्या सगळ्यांत जवळचे हेच. माझ्याकडे सगळ्यांत स्वस्त कॉमेट ३० रुपयांना होता. तो फूटभर वाढतो आणि दहा वर्षं सहज जगतो, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, कारण बहुतेकांना तो बोटाएवढाच राहील असं वाटतं.

काकी आतापर्यंत गप्प होत्या. त्या कॉमेटच्या टाकीशी गेल्या आणि वाकून बघू लागल्या. बाजारात बांगडा निवडताना बायका बघतात तसं, आधी डोळा, मग कल्ला, मग पोट. मी मनात म्हटलं, चांगलं चाललंय. जिवंत माशातही तेच बघायचं असतं. डोळा स्वच्छ हवा, दोन्ही कल्ले सारखे हलायला हवेत, पाठीवरचा पंख उभा हवा, पोटाला खळगा नको. त्याशिवाय तो इतरांबरोबर फिरतो का, खाद्यावर धावतो का, आणि त्याच टाकीत एखादा मेलेला तर नाही ना, हे पाहायचं.

"बाबा, याच्या अंगातून दोरा का आलाय?" त्यांनी मला विचारलं.

मी जवळ गेलो. मला काही दिसेना. त्यांनी काचेवर बोट टेकवलं. पाठीवरच्या पंखाच्या मुळाशी अर्ध्या सेंटिमीटरचा फिकट दोरा, टोकाला दोन फाटे. भोवती लाल ठिपका.

लर्निया. अँकर वर्म. माशांवर जगणारा परजीवी. मादी डोक्याकडून मांसात रुतते, बाहेर लोंबतं ते तिचं अंग आणि टोकाचे दोन फाटे म्हणजे तिच्या अंड्यांच्या पिशव्या. एक दिसली म्हणजे पाण्यात पिल्लं असणारच. तो माल चेन्नईहून येऊन आठच दिवस झाले होते. नवा माल तीन आठवडे वेगळा ठेवायचा हा माझाच नियम, पण दसऱ्याची गर्दी म्हणून मी त्या टाकीवर किमतीची चिठ्ठी लावली होती. काकी नसत्या, तर तो मासा माझ्या हातून त्या तळ्यात गेला असता. चार वेळा केळीचे खुंट उपसणाऱ्या माणसाच्या तळ्यात.

मी त्यांच्यासमोर चिठ्ठी काढली, मासा ओल्या कापडावर घेतला आणि चिमट्याने तो दोरा मुळाशी धरून सरळ ओढला. अख्खा आला. जखमेला औषध लावून मासा वेगळ्या टबात सोडला. हात कापत होते ते मास्तरांनी पाहिलं असावं. ते फक्त म्हणाले, "दुसरी टाकी आहे का?"

होती. महिनाभर मुरलेली, आतल्या बाजूची. त्यातले मासे काकींनी निवडले, मी फक्त जाळी धरली. तीन कॉमेट, एक शुबुनकिन, आणि एक अजून सोनेरी रंग न आलेला, शेवाळी तपकिरी, ज्याला कोणी हात लावत नव्हतं. पाचच दिले. तळ्यात पुढे दहा-बारा राहतील, पण गाळणीवर एकदम ओझं नको. आदल्या दिवशी त्यांना उपाशी ठेवलेलं होतंच. पिशवीत एक हिस्सा पाणी, दोन हिस्से ऑक्सिजन, वर वर्तमानपत्र.

मीही सोबत गेलो. वीस मिनिटं पिशवी तळ्यावर तरंगत ठेवली, मग वाटी-वाटीने तळ्याचं पाणी आत घातलं आणि मासे तेवढे हाताने उचलून सोडले. दुकानाचं पाणी तळ्यात जाऊ दिलं नाही. ओव्हरफ्लोच्या पाइपला स्टीलची बारीक जाळी मी स्वतः तारेने बांधली, कारण पाट ओहोळाला मिळतो. हा मासा आपल्या पाण्यातला नव्हे. एकदा ओहोळात गेला की तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि आपल्या माशांचं खाणं खातो. कंटाळा आला तर मला परत द्या, पण ओहोळात, विहिरीत सोडू नका, हे मास्तरांना दोनदा सांगितलं. तिसरं सांगितलं ते खाण्याचं. गोल्डफिशला जठर नसतं, म्हणून दोन मिनिटांत संपेल एवढंच घालायचं. लपायला काकींनी चिरलेली एक मातीची घागर आडवी बुडवून ठेवली होती. तपकिरी मासा सरळ तिच्यात शिरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे फोन वाजला. साडेपाच वाजले होते. पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यांत कमी असतो ती ही वेळ, आणि अकरा माशांची ती नोंदही याच वेळेची. मी धडधडत्या छातीने फोन उचलला.

"पाच," मास्तर म्हणाले. "पाचही खाली आहेत. घागरीतला पण बाहेर आलाय." पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या टाकीतले कसे आहेत?"

"रात्री बघितलं. आणखी तिघांवर दोरे निघाले," मी म्हटलं. "कालचा मात्र खायला लागलाय."

"थांब," ते म्हणाले. "लिहून घेतो."